एकावर एक

तिसरा स्वेटर काही केल्या अंगात शिरेना. आत दोन स्वेटर, त्यांच्या आत शर्ट आणि पॅन्टच्या आत आणखी एक पॅन्ट. ओढूनताणून तो घातला, वर कोट चढवला आणि आरशात पाहिलं, तर तिचं तिलाच हसू आलं. पण हसायला वेळ नव्हता. नवरा बाथरूममध्ये दाढी करत होता. त्याची दाढी उरकायच्या आत तिला घर सोडायचं होतं, कायमचं. बसस्टँडवर बहीण वाट पाहत होती.

पिशवी नेण्याची सोय नव्हती. ती बाहेर निघाली की नवरा पिशवी टेबलावर उपडी करायचा आणि एकेक वस्तू उचलून पाहायचा. मागे एकदा त्यात कपड्यांचा जादा जोड निघाला. त्यानंतर कितीतरी दिवस तिचा हात प्लॅस्टरमध्ये होता. तेव्हापासून ती थंडीची वाट पाहू लागली. पाऊस सरला, हवेत गारवा आला, तशी बाजारात जाताना ती रोज थोडी थोडी जाड होत गेली. एकदम कुणाच्या डोळ्यांवर यायला नको. शेजारीण तर म्हणालीसुद्धा, लग्न मानवलं हो तुला.

सासूबाई नेहमीप्रमाणे दाराशी खुर्ची टाकून शिवत बसल्या होत्या. लेकाच्या वतीने पहारा करायलाच त्या तिथे बसतात, असं ती धरून चालली होती. खाली मान घालून ती बूट घालायला वाकली आणि कोटाचं मधलं बटण ताडकन तुटून त्यांच्या पायाशी घरंगळत गेलं.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "इकडे ये."

ती गेली. नाही म्हणण्याचं धाडस तिच्यात कधीच नव्हतं. त्यांनी सुई ओवली, कोटाची कड धरली आणि बटण लावायला आत बोटं घातली. बोटं एका स्वेटरवरून दुसऱ्यावर गेली, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आणि तिथेच थबकली. आता ह्या हाक मारणार. तिच्या पाठीवरून घामाची धार लागली. आतला नळ बंद झाला.

सासूबाईंनी हाक मारली नाही. त्यांनी बटण शिवलं, दोरा दातांनी तोडला आणि बटण काजात अडकवून दिलं.

"आई, ती कुठे आहे?" आतून आवाज आला.

"मागे कपडे वाळत घालतेय," सासूबाईंनी बसल्या जागेवरून सांगितलं.

मग त्यांनी आपल्या खांद्यावरची शाल काढली आणि तिच्या गळ्याभोवती घट्ट गुंडाळली.

"जा," त्या हळूच म्हणाल्या. "मी निघाले होते, तेव्हा ऐन उन्हाळा होता."