चेपलेली कड

नव्या महाराष्ट्राचं नाव कोरलेला नवा कोरा पितळी शिक्का! ढोरांचे डॉक्टर देविदास खर्चे सकाळपासून हरखून गेले होते. अमडापूरच्या बाजारात आज पहिल्यांदाच डुकराचं मांस तपासून ते स्वतः पास करणार होते. एसटीतून उतरताना शिक्का हातातून निसटून त्याची कड चेपली, तरी त्यांचा हुरूप काही कमी झाला नाही.

ते पोचले तेव्हा डुक्कर मारून झालं होतं. सुपडाजी खाटीक उकळतं पाणी ओतून त्याचे केस खरवडत होता. दुसरं डुक्कर बाजूला खुंट्याला बांधलेलं होतं.

"साहेब, शिक्का आधीच मारून ठेवला काऊन?"

केसांखालच्या कातडीवर जांभळा गोल होता. मधे 'पास'. कड तश्शीच चेपलेली.

डॉक्टरांनी खिसा चाचपला. शिक्का तिथंच होता, शाईचा थेंबही न लागलेला. त्यांना भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त वाटली.

"तो दुसरा जिता हाये ना? त्याची पाठ भादरा! आत्ताच!"

"जित्याची, साहेब?"

"हाव, भादरा!"

शिक्का मुठीत आवळून ते वाकले. वस्तरा फिरला. राठ केस झडले आणि खालून जांभळी अक्षरं निघाली.

डॉक्टरांनी बोट टेकवलं. शाई ओली होती.