चार इंच

बंडेप्पा जीपखाली उताणा पडून टॉर्चच्या उजेडात चुना तपासत होता.

लिफ्ट किट विकण्याआधीची ही त्याची पद्धत होती. गाडी उंच करून मागणारे गिऱ्हाईक आले, की गाडीच्या पोटाला जिथे जिथे काही खाली लोंबते तिथे तो चुन्याचा हात देई आणि नेहमीच्या रस्त्याने दोन फेऱ्या मारून परत यायला सांगे. जिथला चुना उडाला, तिथे गाडी घासते. भालकीतले इतर गॅरेजवाले नुसते बघून किट सुचवत. बंडेप्पाचा अंदाजांवर विश्वास नव्हता, स्वतःच्यासुद्धा.

आजचे गिऱ्हाईक धनराज. त्याच्यासमोर किटची दोन खोकी होती. एक दोन इंचांचे, दुसरे चार इंचांचे. त्याचा पाय चारच्या खोक्यावर होता. ठाणाकुशनूरकडच्या त्याच्या शेतापासून डांबरी सडकेपर्यंतच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्यांनी खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. मधल्या उंचवट्यावर जीप गेल्या आठवड्यात अडकली. मागच्या बाकावर त्याची आई, सोजराबाई होती. बीदरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिची डायलिसिसची पाळी निघून गेली होती. पुन्हा एक पाळी चुकली तर जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते.

“अण्णा, चारचंच बसव. दोननं काय व्हायलंय?”

“गाडी घ्यायलास का मचाण?” जीपखालून आवाज आला. “चारला शॉकअप बदलावं लागतेत. वळणावर डुलती बी.”

“डुलू दे. अडकली न्हाई म्हंजे झालं.”

आजचे डायलिसिस आटोपून ते परतीच्या वाटेवर होते. सोजराबाई पत्र्याच्या सावलीत खुर्चीवर बसली होती, डाव्या दंडाला पट्टी. शेजारी उभी असलेली सून, धनराजची बायको विजयश्री, जीपच्या मागच्या बाजूला गेली. तिने फळीवर तळवा टेकवला, त्याच उंचीवर तो सरळ आपल्या अंगापर्यंत आणला, आणि वर चार बोटे आडवी ठेवून पाहिली.

“चारचं बसवलं तर मागली फळी बी चार इंच वर जाती का?”

“समदी गाडीच जाती,” धनराज म्हणाला. “तुला कामून पायजे?”

“उगं इचारलं.”

बंडेप्पा बाहेर आला. “मागल्या आसाच्या गोळ्याचा चुना हाय तसा हाय. चेसीचा हाय, सायलेन्सरचा हाय. एकाच जागचा उडालाय.”

त्याने मागची लोखंडी पायरी दाखवली. आईचे गुडघे गेले तेव्हा धनराजने ती स्वतः वेल्डिंग करून बसवली होती आणि दिवाळीत आणखी सहा इंच खाली घेतली होती. तिची खालची कड घासून चकाकत होती.

“गाडी तूच खाली आणलास, आन आता तूच वर करायलास. पायरी काढ. एक बी किट लागत न्हाई.”

“आन माय कशी चढंल?”

 बंडेप्पाने टॉर्च पायरीच्या वरच्या अंगाला धरला होता. तो खाली वाकला, चष्मा कपाळावर सारला, पुन्हा पाहिले.

“चुना मी वरून बी दिलता,” तो सावकाश म्हणाला.

वरचा चुना पांढरा, सलग होता. ब्रशचे ओरखडेसुद्धा जागच्या जागी होते.

“दोन फेऱ्या झाल्या. घर, दवाखाना, आता हितं. आठ बारी चढउतार झाली. पाय कुठं पडला?”

धनराजला हे माहीत असण्याचे कारण नव्हते. जीपचा सेल्फ कमजोर होता. इंजिन बंद पडू नये म्हणून तो ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून पुढे बसून राही. मागच्या फळीवर दोन थापा पडल्या की आई बसली, असे समजून गिअर टाकी. दोन वर्षे थापांत कधी चूक झाली नव्हती.

“ते लोखंड हलतंय रे,” सोजराबाई म्हणाली. “भ्या वाटतंय. पयल्या दिवसापसून पाय ठेवला न्हाई मी.”

“मंग?”

तिने हनुवटीने सुनेकडे दाखवले.

विजयश्रीच्या कंबरेला पट्टा होता. तो धनराजने रोज पाहिलेला होता. ऊस लावताना कंबर धरली असावी, असे त्याने मानले होते. विचारले नव्हते.

“सांगितलीस कामून न्हाई?”

“तुमी एवढ्या हौसेनं केली ना.”

बंडेप्पाने कटर लावला. ठिणग्या उडाल्या, पायरी खाली पडली. दोन्ही खोकी उचलून त्याने गॅरेजच्या मांडणीवर परत ठेवली आणि स्वतः स्टिअरिंगवर बसून इंजिन चालू केले.

धनराज आईसमोर वाकला. त्याने तिचा डावा दंड धरला.

“त्या हाताला न्हाई!” सोजराबाईने हात झटकन मागे घेतला. “सुया तितंच टोचतेत.”

त्याने काखेत हात घातला, ती कण्हली. गुडघ्यांखाली घातला, ती खुर्चीसकट कलंडू लागली. तो हात तसेच हवेत धरून उभा राहिला.

“मंग धरू कुठं?”

“मला काय ठावं? उचलती तिला इचार.”

विजयश्रीने दोघांकडे पाहिले. मग कंबरेचा पट्टा सोडला आणि त्याच्यापुढे धरला.

“आदी हे बांधा.”