गाड्यावरचं वजन

पत्र वाचून झाल्यावर प्रशिक्षकानं ते उलटं करून टेबलावर ठेवलं आणि सेक्रेटरीकडे बघितलं. सेक्रेटरी त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. क्लबच्या त्या खोलीला एकच खिडकी, मैदानाकडे उघडणारी. मेहुणा मघापासून तिच्यातून बाहेरच बघत होता.

रग्बी संघातल्या सत्तावीसच्या सत्तावीस जणांनी सह्या केल्या होत्या. या माणसाच्या हाताखाली आम्ही यापुढे खेळणार नाही, एवढंच लिहिलं होतं. पहिली सही कर्णधाराची. शेवटची कर्णधाराच्या धाकट्या भावाची. ती डाव्या हातानं केलेली होती, वेडीवाकडी.

"हे खिशात घेऊन कधीपासून फिरतोयस?" प्रशिक्षकानं विचारलं.

"रविवारपासून."

रविवारी मेहुणा त्याच्याच घरी जेवायला होता. मागून मागून वाढून घेतलं होतं.

"भावोजी, मी इथं सेक्रेटरी म्हणून बोलतोय," मेहुणा म्हणाला. समितीनं पत्र मान्य केलं होतं. शनिवारच्या मॅचला त्यानं मैदानावर येऊ नये, असं समितीचं म्हणणं होतं. कपाटाची किल्ली इथंच ठेवून जावी. ताईला अजून काही सांगितलेलं नाही, असंही मेहुण्यानं हळूच सांगून टाकलं.

"एवढा तरी उपकार कशाला केलास?" प्रशिक्षक म्हणाला.

बावीस वर्षांतला हा त्याचा चौथा क्लब. आधीच्या तिघांनी काढलं, तेव्हा त्याचे संघ हरत होते. हा जिंकत होता. दीड महिन्यापूर्वी कर्णधाराचा भाऊ मॅच चालू असताना मान धरून बाहेर आला, तेव्हाही संघ पुढेच होता. उजव्या हाताला मुंग्या येताहेत, असं तो सांगत होता. मान दुखते म्हणून बसायचं असेल तर घरी आईच्या मांडीवर जाऊन बस, असं प्रशिक्षकानं त्याला सगळ्यांसमोर ऐकवलं आणि पाठीवर थाप मारून परत आत पाठवलं. ती मॅच जिंकली. भावाला उजव्या हातात अजून पेला धरवत नव्हता. धरवेल की नाही, ते डॉक्टर सांगत नव्हते.

आजचा सराव कोण घेणार आहे, असं प्रशिक्षकानं विचारलं. मेहुणा पुन्हा खिडकीकडे वळला. प्रशिक्षकानं किल्ली टेबलावर आपटली, गळ्यात शिट्टी अडकवली आणि जिना उतरला.

तो मैदानात आला. त्यानं पत्राचं नाव काढलं नाही. त्यांनीही नाही. स्क्रमचा सराव करायचा, एवढंच तो म्हणाला.

स्क्रममध्ये दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांना घट्ट धरून, वाकून, खांद्यानं समोरच्यांना रेटतात. सरावाला समोर माणसं नसतात. त्यांच्या जागी एक लोखंडी गाडा असतो, बिनचाकांचा, पुढे गाद्या लावलेला. वजन म्हणून त्यावर प्रशिक्षक उभा राहतो. तो चढला. दांडी धरली. कर्णधारानं आपली माणसं जुळवली आणि स्वतः पहिल्या रांगेत मधोमध शिरला. प्रशिक्षकाची नजर नेहमीसारखी त्या रांगेतल्या पायांवर होती.

त्यानं शिट्टी दिली. गाडा हलला.

दहा पावलं रेटायचं आणि दुसऱ्या शिट्टीला थांबायचं, असा रिवाज. दहा पावलं झाली. त्यानं शिट्टी वाजवली. कुणी थांबलं नाही. त्यानं पुन्हा वाजवली, मग लांबलचक वाजवली. गाड्याचा वेग वाढला. खाली फक्त घुसमटलेले श्वास ऐकू येत होते. बाकीचे खेळाडू पाण्याच्या बाटल्या हातात धरून जागच्या जागी उभे होते, आणि वर खिडकीत मेहुणा. त्याला उडी मारता आली असती. त्यानं मारली नाही, दांडी आणखी आवळली. गाड्यानं कडेची पांढरी रेषा ओलांडली. खडीवर लोखंड करकरलं. शिट्टी तोंडातून सुटली आणि गाडा कुंपणाच्या जाळीवर जाऊन आदळला.

प्रशिक्षकाचा गुडघा दांडीवर फुटला. रक्त मोज्यापर्यंत ओघळलं. हात द्यायला कुणी पुढे झालं नाही. तो आपला आपण सरळ झाला, श्वास घेतला, आणि त्याचा चेहरा उजळला. तो खरोखरच खूश झाला होता.

"दोन वर्षं घसा फोडून सांगतोय," तो म्हणाला. "आज कुठं आठही जण एकदम लागलात. शनिवारी असंच लागा."

कर्णधारानं मान वर केली. तोंडातली माती थुंकली. एरवी त्याचं प्रत्येक वाक्य 'सर'नं सुरू व्हायचं.

"मोजा," तो म्हणाला.

प्रशिक्षकाला आधी समजलं नाही. खाली कुणी पकड सोडली नव्हती, कुणी जागचं हललं नव्हतं. त्यानं वरून मोजलं. पुढे तीन. त्यांच्यामागे दोन. शेवटी तीन हवे होते, तिथं दोनच होते. डावी कड, कर्णधाराच्या भावाची जागा, मोकळी होती, आणि तिथून गाड्यानं मैदानात पाडलेला चर सरळ मागेपर्यंत दिसत होता.