पाणी शिरलेलं घड्याळ

समुद्रकाकडी नावाचे मऊ जीव वेचायला विलिकेसा पाठीला हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी उतरायचा आणि होडीत बसलेला जोपे घड्याळ बघून वीस मिनिटांनी दोर ओढायचा. त्या दिवशी दोर चाळीस मिनिटांनी ओढला गेला. विलिकेसा वर आला तो बेशुद्धच. जीव वाचला, पण इतका वेळ खोल पाण्यात राहिल्याने कमरेखालचं अंग लुळं पडलं.

महिन्याभराने जोपे यंगोना हे पेय ज्यांपासून करतात त्या मुळ्यांची जुडी घेऊन त्याच्या घरी गेला आणि दारातच गुडघे टेकून बसला. विलिकेसाच्या आईने जुडी उचलली. म्हणजे रिवाजाप्रमाणे माफी मिळाली.

"तोंड पाडून काय बसलायस?" अंथरुणातून विलिकेसा म्हणाला. "पाणी घड्याळात शिरलं, तुझ्यात नव्हे."

"मी बघितलं ना," म्हातारी म्हणाली. "काचेखाली थेंब नि काटे थांबलेले. बाजारातलं खेळणं ते! पोराचा काय दोष?"

विलिकेसाने उशाखालून जाडजूड नवं घड्याळ काढून जोपेच्या मनगटावर बांधलं. "दोनशे मीटर खोल नेलंस तरी बंद पडणार नाही. बुड्या मारायला मागवलं, ते अपघातानंतर पोचलं. मला आता काय उपयोग त्याचा?"

जोपेने काही बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात म्हातारीने यंगोनाची करवंटी पुढे केली, आणि त्याने ती एका दमात रिकामी केली.

अपघाताच्या दिवशी जोपेचं घड्याळ बिनचूक चाललं होतं. डोळा लागला होता तो त्याचाच. विलिकेसाला वर ओढून घेतल्यावर, तो शुद्धीवर यायच्या आत, जोपेने घड्याळाची किल्ली उपसली होती आणि आत पाणी शिरून काटे थांबेपर्यंत हात समुद्रात बुडवून धरला होता.