मांडवाची जागा

"मधलं टेकाड पुरं काढाचं. आन् तो मुरूम रस्त्याकडच्या खोलग्यात भराचा." प्रयागबाई धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी राहून हातानं दाखवत होती. "पाणी ओतलं तं कोन्याच अंगाले पळालं नाई पायजे, अशी जागा मले पायजे."

सतीशनं वावर पाहिलं. रिठदच्या रस्त्याला लागून, एका अंगानं उंच, दुसऱ्या अंगानं खोल. तूर नुकतीच निघाली होती, खुंट अजून जमिनीत होते. आसपासच्या गावांतली कितीतरी कामं त्याच्या जेसीबीनं केली होती, पण पिकतं वावर असं टणक करून मागणारं कोणी भेटलं नव्हतं.

"पेरायचं वावर हाय काकू. कायले?"

"घरात लग्न हाय. मांडव इथंच टाकाचा."

"गावात सभागृह हाय न."

"देत नाईत."

"काहून?"

"ते इचारायले मी गेली नाई. माही जागा हाय मले." तिनं पदर खोचला. "पण वरची काळी माती येगळी काढून ठेव. लग्न झालं का मले ती परत वावरात पसरायची हाय."

सतीश मनात हिशेब जुळवत गेला. तिचा नवरा भागवत जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाईनं एकटीनं वावर केलं, पोरीला, निकिताला, वाशीमच्या कॉलेजात घातलं. आता पोरीनं तिकडंच कोणीतरी पसंत केला असणार, आणि गाव तोंड फिरवून बसलं असणार.

काम सुरू झालं. पहिल्याच दिवशी मानोऱ्याकडचा एक माणूस मोटारसायकलवरून आला. कानाजवळचे केस पिकलेले, बोलणं हळू. मांडवाचं तोंड कुठं ठेवायचं, पंगत कुठं बसवायची, हे प्रयागबाईशी ठरवत त्यानं सगळी जागा पायाखाली घातली. निकितानं त्याला चहा दिला, सतीशलाही दिला.

"व्याही लय समजदार भेटले काकू," तो गेल्यावर सतीश म्हणाला.

निकिता फस्सकन हसली. प्रयागबाईनं पदर तोंडाला लावला.

"माणूस चांगला हाय," ती एवढंच म्हणाली.

संध्याकाळी फाट्यावरच्या हॉटेलात माणिकरावानं सतीशला गाठलं. माणिकराव म्हणजे भागवतचा थोरला भाऊ. गावातली खोदाईची, रस्त्याची कामं त्याच्या शब्दावर मिळायची.

"मशीन उद्या घेऊन जाय," तो म्हणाला. "हे लग्न आमाले मान्य नाई."

"जातीबाहेरचं हाय काय, दादा?"

"जातीतलंच हाय. पण आमच्या घरान्यात आजलोक असं कोनी केलं नाई. सोयऱ्यायले काय तोंड दाखवू मी?"

"आपल्या मनानं करून राह्यले तं करू द्या न. सुखी राहतीन."

"तुले समजाचं नाई." माणिकरावानं कप खाली आपटला. "माह्या भावाच्या वावरात तो मांडव पडला, तं या गावात तुह्या मशीनले काम भेटणार नाई. इचार कर."

सतीशनं विचार केला. घरी बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, मशीनचा हप्ता माणिकराव भरत नाही, पण काम तोच देतो.

सकाळी सतीश वावरात आला, तेव्हा माणिकराव उरलेल्या टेकाडावर उभा होता. सोबत भावकीतले दोघंतिघं. रस्त्यावर बघे थांबले होते.

सतीशनं मशीन चालू केली. बकेट वर उचलली. माणिकराव हलला नाही. सतीशनं इंजिन बंद केलं.

प्रयागबाई पुढं झाली.

"भाऊजी, उतरा खाली."

"हे वावर भागवतचं हाय."

"होतं. आता माहं हाय. सोयाबीन पेरताना, तूर सोंगताना तुमी कधी या धुऱ्यावर आले? माह्या पोरीची फी भरताना आले? आज कायले आले?"

"लाज ठेव जराशी!"

"लाज मी चोरी केली असती तं ठेवली असती. लग्न करून राह्यलो आमी. दिवसाढवळ्या. रस्त्याच्या कडंले. साऱ्यायले दिसंल असं."

तिनं कुदळ उचलली आणि माणिकरावाच्या पायाजवळच टेकाड खणायला सुरुवात केली. घाव पडत होते, मुरूम उडत होता. निकितानं फावडं घेतलं. मायलेकी खणत राहिल्या, कोणाकडं पाहिनात. माणिकरावाच्या धोतरावर माती उडाली. तो एक पाऊल मागं सरला, मग आणखी एक.

सतीशला आपल्या हातातल्या चावीची लाज वाटली. त्यानं ती फिरवली.

"दादा, बाजूले व्हा," तो वरून ओरडला. "नाई देल्लं काम तं नका देऊ!"

इंजिनाच्या आवाजात माणिकराव काय म्हणाला ते कोणालाच ऐकू आलं नाही. तो उतरला तेव्हा रस्त्यावरचं कोणीतरी हसलं. ऊन डोक्यावर यायच्या आत टेकाड गेलं होतं. रोलर फिरल्यावर प्रयागबाईनं चपला काढून त्या जमिनीवर चालून पाहिलं.

"लग्नाले येजो," ती सतीशला म्हणाली. "बायकोले घेऊन."

तो आला. मांडव भरला होता. गावातले पुरुष कमीच होते. बायका मात्र घरच्यांचं न ऐकता आल्या होत्या. नव्या जरीच्या साडीत निकिता इकडून तिकडं पळत होती. सतीशची बायको तिच्याकडं बघून हळूच म्हणाली, "नवरी अजून तयार नाई झाली काय?"

तेवढ्यात कासारीण हिरव्या बांगड्यांची पेटी उघडून बसली. "मुहूर्त जवळ आला बाई, नवरीले बसवा," म्हणत तिनं निकिताचंच मनगट धरलं.

निकितानं हसत आपला हात सोडवून घेतला, मागं उभ्या असलेल्या आईला पाटावर बसवलं आणि तिचे मोकळे हात कासारणीच्या पुढं धरले.