घासाआधी

देवळं, विहार बघत निघालेली गाडी नांदेडच्या देवळापाशी थांबली. इन्सुलिन टोचून झालं, शिवगंगाबाईंनी डबा उघडला आणि घासाआधी गळ्याकडे गेलेला गुरुपादप्पांचा हात तिथंच थबकला. लहानपणी गुरूंनी बांधलेलं, कधी गळ्यावेगळं न झालेलं इष्टलिंग दोरा तुटून पडलं होतं. सकाळी अर्धापूरजवळच्या विहारात ते बुद्धापुढं वाकले होते, तिथंच असणार. नात सृष्टीनं गाडी मागं पळवली. इन्सुलिन घेतलेलं आणि पोटात घास नाही; गुरुपादप्पांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले.

"अहो, साखरेचा खडा तरी तोंडात टाका!"

"लिंग न्हाई तोवर पाणीसुद्धा न्हाई."

"आजोबा, देव समजून घेईल की."

"त्यो घेईल गं. मला न्हाई जमायचं."

विहाराच्या फाटकापाशी भंते भर उन्हात उभे होते. ओंजळीत पिंपळाचं पान, पानावर लिंग.

"मी आत बसलो आन् तुमी येऊन तसंच गेलात तर? म्हणून हितंच उभा हाय."

गुरुपादप्पांनी लिंग कपाळाला लावलं, मगच साखर खाल्ली. ते सावरल्यावर शिवगंगाबाईंनी भंतेंपुढं धपाटी धरली.

भंते हसले. "बारानंतर आमाला जेवण चालत न्हाई, माय. आता उद्याच."

फाटकाशेजारच्या कट्ट्यावर त्यांचं भिक्षापात्र भातानं भरलेलं, तसंच होतं.