खिडकीतली बाई

वर्गाच्या खिडकीचा गज धरून मी आजही उभी होते. पहिलीत जाऊन पंधरा दिवस झाले, तरी माझी सावनी वर्गात एक शब्द बोलली नव्हती. मी दिसले नाही तर रडेल, ही धास्ती मला घरी जाऊ देत नव्हती.

"सावनी, आज तू ये," मॅडम म्हणाल्या. बोटाने चालणारा नवा डिजिटल फळा होता तो; काढलेलं चित्र बोटाने सरकवताही यायचं. तिने बोट फ्रॉकला पुसून फळ्यावर टेकवलं, तशी बोटामागून निळी रेघ वाहू लागली. घर झालं, झाड झालं, शाळा झाली. शाळेच्या खिडकीत लांब वेणीची एक बाई उमटली.

"ही कोण गं?"

पोरंच ओरडली, "मॅडम, ती काय, खऱ्या खिडकीतपण आहे!"

सावनी हसली नाही. त्या बाईवर बोट ठेवून तिने तिला हळूहळू सरकवत नेलं. फाटकाबाहेर, झाडाखालून, थेट घराच्या दारात. "आई आहे ती," सावनी मोठ्याने म्हणाली. "शाळा सुटली की येईल."

माझ्या हातून गज कधी सुटला, कळलंच नाही. झाडाखालून घराकडे चालताना पाठीवर एक इवलंसं बोट टेकलेलं होतं.